एका दगडात चौघं

दगडातली जोडपी घडवण्यात इदूचा हात धरणारा पांढऱ्या भिंतीच्या शहरात दुसरा कोणी नव्हता. नवरा-बायको शेजारी बसलेले, नवऱ्याचे तळवे गुडघ्यांवर, बायकोचा एक हात त्याच्या पाठीमागून जाऊन खांद्यावर टेकलेला. अशी एकतीस जोडपी त्यानं चुनखडकातून काढली होती. ती नदीच्या पश्चिमेला, वाळूच्या पठारावर, ज्याच्या त्याच्या थडग्यातल्या कोठडीत बसली होती. कोठडी विटांनी चिणून टाकायची आणि नजरेच्या उंचीवर एक फट तेवढी ठेवायची, ही रीत. भाकरीचा वास, धुपाचा धूर आणि नावानं मारलेली हाक त्या फटीतून आत जाते आणि आत बसलेले जेवतात. बैठकीवर ज्याचं नाव कोरलेलं, मूर्ती त्याची. नाव नसेल तर तो नुसता दगड, आणि ज्याचं नाव कुठेच उरलं नाही तो माणूस मेल्यावर पुन्हा एकदा मरतो, कायमचा.

मूर्तींना रंग द्यायचं काम इदूच्या बायकोचं, हेतेपेतचं. पुरुषाला गेरूचा तांबडा, बाईला पेवडीचा पिवळा. डिंक भिजवायचा, रंग वाटायचा आणि वाटता वाटता नवऱ्याला टोमणे मारायचे, हा तिचा तीस वर्षांचा शिरस्ता होता.

"आपली कधी रे घडवणार?" ती विचारायची.

"होईल की. या मालकांचं एकदा होऊ दे."

"हे मालक झाले की दुसरे मालक. आपण दोघं मेल्यावर घडवणार आहेस का?"

लग्नात त्यानं तिला शब्द दिला होता, की आपलंही एक जोडपं होईल, आणि अगदी उत्तम दगडातलं. त्यांना दोन लेकरं झाली, पण दोन्ही दात यायच्या आत गेली. त्यामुळे मागे नाव घेणारं कुणी नव्हतं. असेल तो दगडाचाच आधार. नदीपलीकडच्या खाणीतला एक धोंडा त्यानं मिळवलाही होता. पांढराशुभ्र, लोण्यासारखा, कुठे शीर नाही की भेग नाही. कारखान्याच्या मागच्या बाजूला तो चटईखाली झाकून ठेवलेला असायचा. हेतेपेत अधूनमधून जाऊन त्यावर हात फिरवून यायची.

मग नदी रुसली. एक वर्ष पाणी शेतांपर्यंत पोचलं नाही, दुसऱ्या वर्षी काठसुद्धा भिजले नाहीत. तिसऱ्या वर्षी लोकांनी बियाण्याचं धान्य खाल्लं. थडगी बांधून घेणारे मालक स्वतःच पोटासाठी गाव सोडून गेले आणि कारखान्याला कडी लागली. त्या हिवाळ्यात इदूनं तो धोंडा तीन पोती जवाच्या बदल्यात एका कोठारवाल्याला देऊन टाकला. कोठारवाल्यानं तो फोडून घराच्या पायरीला बसवला. त्या जवाच्या भाकऱ्या हेतेपेतनं थापल्या आणि दोघांनी खाल्ल्या. पण धोंडा गेला हे सांगायला काही इदूची जीभ रेटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हेतेपेतच्या पोटात पाणी झालं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र नऊ महिन्यांच्या बाईसारखं. वैद्य आला, त्यानं बोटानं पोट दाबून पाहिलं आणि दारात येऊन इदूला हळूच म्हणाला, "हा आजार माझ्या हातचा नाही."

हेतेपेतनं ते ऐकलं. "अर्धी मेले, कान नाही मेले अजून," ती आतून म्हणाली. मग वैद्य गेल्यावर म्हणाली, "इदू, आता टाळू नकोस. दगडाला हात घाल."

"घातलाय की," इदू बोलून गेला. "महिना झाला. अर्धा झालाय."

तिचा चेहरा असा उजळला, की आता मागे फिरायची सोयच उरली नाही. रोज सकाळी छिन्नी आणि मोगरी घेऊन तो घराबाहेर पडायचा आणि बंद कारखान्याच्या सावलीत नुसता बसून राहायचा. संध्याकाळी घरी आला की ती विचारायची, "आज काय केलंस?" आणि तो सांगायचा, "आज तुझे केस केले." "आज तुझा खांदा केला." सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी तो उठला आणि पश्चिमेच्या पठारावर सेब्कीकडे गेला.

सेब्की थडग्यांचा राखणदार. पूर्वी अंगानं रेड्यासारखा होता, आता कातडं हाडांवर लोंबत होतं. एका पडक्या भिंतीआड तो गाढवाला वाळका लव्हाळा चारत होता.

"ज्यांच्याकडे कुणी येत नाही अशी थडगी कुठली?" इदूनं विचारलं.

सेब्की हसला. "येतं कोण आता? जित्यांना भाकर नाही, मेलेल्यांना कोण आणतंय? काय पाहिजे ते बोल."

"जोडपं."

सेब्कीनं हसणं थांबवलं. "तू? अरे, दुसरे येतात ते दारं नेतात, लाकडं नेतात. तू तर कारागीर माणूस."

"हेतेपेत चाललीय."

सेब्की गाढवाचा दोर सोडून पुढे चालू लागला. उत्तरेच्या टोकाला वाळूत निम्मं बुडालेलं एक जुनं थडगं त्यानं दाखवलं. "माझ्या बापाच्या वेळेपासून इथं कुणी फिरकलेलं नाही. यांचा वंश संपला असणार."

इदूनं कोठडीच्या चार विटा काढल्या आणि आत पाहिलं. हातभर उंचीचं जोडपं तिथं बसलं होतं. रंग उडाला होता, पण दगड धड होता. आणि काम असं होतं, की चोरी करायला आलेला इदू क्षणभर ते विसरला. बाईची बोटं नवऱ्याच्या खांद्यावर नुसती ठेवलेली नव्हती, तिथलं मांस त्या बोटांखाली जरासं दबलेलं दिसत होतं. एकतीस जोडप्यांत त्याला हे कधी साधलं नव्हतं. त्यानं खाली बैठकीवर पाहिलं. अक्षरं त्याला फार येत नव्हती, पण नावं कोरण्यात हयात गेल्यामुळे नावं वाचता यायची. कानेफर. आणि त्याची बायको, त्याची लाडकी, नुबेत.

कानेफरचं नाव त्यानं तिथंच तासून काढलं. हात घाबरण्याच्या आत उरकावं म्हणून भराभर तासलं आणि त्या जागी स्वतःचं नाव कोरलं. नुबेतच्या नावावर छिन्नी ठेवली, पण मोगरी काही उचलेना. घरी गेल्यावर करू, असं म्हणून त्यानं मूर्ती चटईत गुंडाळली. सेब्कीच्या गाढवावर लादून, वरून लव्हाळ्याचे भारे टाकून भर दुपारी ती घरी आणली.

हेतेपेतला त्यानं भिंतीला टेकवून बसवलं आणि मूर्ती तिच्यासमोर ठेवली. हात पुढे करून तिनं नवऱ्याचा चेहरा चाचपला, मग बाईचा. बाईच्या नाकावर तिचं बोट थांबलं.

"हे तुझं काम नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझ्या सगळ्या बायकांची नाकं बसकी असतात. माझ्यासारखी. एकतीस बायकांना तू माझं नाक दिलंस इदू, मी रंगवताना कधी बोलले नाही. हिचं नाक कसं धारदार आहे बघ." तिनं हात मागे घेतला. "कुणाची आहे ही?"

मग मात्र इदूनं सगळं सांगितलं. धोंड्याचं, जवाचं, कारखान्याच्या सावलीत काढलेल्या दिवसांचं, सेब्कीचं. सांगताना तो खाली जमिनीकडे बघत होता. ती रागावेल, शिव्या देईल, म्हणेल की जा आणि होती तिथं ठेवून ये, असं त्याला वाटत होतं. खरं तर त्याला तेच हवं होतं.

"म्हणजे तो धोंडा मी खाल्ला," हेतेपेत म्हणाली. "हिचं नाव काय?"

"नुबेत."

"काढलंस?"

"नाही अजून."

"काढ."

इदूनं मान वर केली. "हेतेपेत, तिच्याकडे दुसरं काही नसेल. एवढंच असेल."

"माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?" तिचा आवाज चढला आणि तिला धाप लागली. "दोन पोरं वाळूत गेली, त्यांच्या नावाची एक खापरी नाही कुठं. मला तसं नुसती वाळू होऊन जायचं नाही. तिला किती पिढ्यांत कुणी भाकर दिली नाही, ती केव्हाच उपाशी संपली असेल. आणि नसेल संपली, तर..." ती थांबली. "तर मला त्याचं काय करायचं? काढ म्हणते ना."

तिनं दोन्ही हातांनी मूर्ती धरून ठेवली आणि इदूनं नुबेतचं नाव तासलं. पांढरा भुगा हेतेपेतच्या फुगलेल्या पोटावर पडत होता. नवीन नाव कोरून झाल्यावर ती म्हणाली, "नाक तेवढं माझं कर." त्यानं मोगरीचे तीन हलके ठोके देऊन ते धारदार नाक बसकं केलं आणि वाळूच्या दगडानं घासून सारखं केलं. पेवडी वाटायला तिच्या हातात जोर नव्हता. त्यानं वाटून दिली आणि तिनं मूर्तीतल्या बाईचा चेहरा रंगवला. मान आणि दंड रंगवले. तेवढ्यात ती दमली. बाकीचं अंग तसंच पांढरं राहिलं.

त्या दिवसापासून तिनं मूर्तीकडे पाहिलं नाही. कूस भिंतीकडे करून पडून राहायची. पाचव्या दिवशी, दुपारचं ऊन उतरायच्या वेळी, ती गेली.

इदूला स्वतःचं थडगं कुठलं असायला. सेब्कीनं आणि त्यानं मिळून हेतेपेतला कानेफरच्याच थडग्याच्या अंगणात खड्डा करून पुरलं आणि मूर्ती परत कोठडीत, होती त्या जागी ठेवली. विटा पुन्हा रचून गिलावा केला. फटीतून आत बघितलं की तो अर्धवट पिवळा चेहरा दिसायचा.

नदी त्या वर्षी थोडी चढली. वाग सण आला. त्या दिवशी पश्चिमेच्या आपल्या माणसांना भाकर न्यायची असते. इदूनं दोन मुठी जवाची तळहाताएवढी भाकर केली आणि सकाळीच पठारावर गेला. थडग्यापाशी पोचला तो तिथं एक म्हातारी बसलेली. अंगावर फाटकं लुगडं, पायांना चिंध्या बांधलेल्या, शेजारी गाठोडं आणि काठी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

"कोण ते?" तिनं पावलांची चाहूल घेत विचारलं. "पुजारी का रे तू इथला?"

"नाही, आजी. मी... इथंच असतो. तुम्ही कुठल्या?"

"उत्तरेची. नदीला फाटे फुटतात त्या मुलखातली. नऊ दिवस चालतेय बाबा." ती उठायला लागली, तसा इदूनं तिला हात दिला. "माझ्या पणजोबाचं हे थडगं. आधी दर साली यायचे. मग वाटेवर लुटारू बसले, सात वर्षं कुणाला सोडलं नाही. त्या सात वर्षांत मागची सगळी माणसं संपली, मी एकटी राहिले. फट कुठाय? मला तिथं ने."

सेब्कीच्या बापाच्या वेळेपासून म्हणे कुणी आलं नव्हतं. सेब्की खोटं बोलला होता, की राखण न करता झोपा काढत होता, ते इदूला कधीच कळलं नाही. त्यानं म्हातारीला फटीपाशी नेलं. तिनं फटीला तोंड लावलं.

"कानेफरबाबा! नुबेतआई! मी आलेय गं! उशीर झाला, रागावू नका. भाकर आणलीय, कांदे आणलेत. जेवा!" आणि मग ती गप्प राहून कान देऊन उभी राहिली, आतून कोणी ओ देईल अशी.

इदूला ते सोसवेना. "आजी," तो म्हणाला, "ते नाहीत आत."

"नाहीत म्हणजे?"

त्यानं सांगितलं. हेतेपेतला सांगितलं तसंच, काही न लपवता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मारायला काठी उचलेल म्हणून तो सावरून उभा होता, पण तिनं नुसता भिंतीवरून हात फिरवला.

"परत कोर."

"तेवढी जाडी उरली नाही दगडाला. परत कोरायचं तर माझ्या बायकोचं नाव तासावं लागेल."

"मग तास."

"नाही," इदू म्हणाला.

"चोरा! मेलेल्यांच्या तोंडातला घास काढलास तू!"

"काढला. पण आता तिच्या तोंडातला काढणार नाही."

म्हातारी वळली आणि फटीला तोंड लावून ओरडली, "नुबेत! कानेफर! या, जेवा!" तिच्या खांद्याशेजारून वाकून इदूही ओरडला, "हेतेपेत! हेतेपेत, जेव!" ती आणखी मोठ्यानं ओरडली, तो तिच्याहून मोठ्यानं. दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. थोड्याच वेळात दोघांचा घसा बसला आणि भिंतीला टेकून दोघंही खाली बसली.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं गाठोडं सोडलं. नऊ दिवस उरापाशी जपलेली भाकर वाळून खापरासारखी झाली होती. "एका अंगात दोन बायका," ती पुटपुटली. "जन्मभर भांडतील आता. किती जण आहेत आत?"

"तिघं. नाव माझंही आहे, पण मी अजून इकडेच आहे."

तिनं गुडघ्यावर आपटून भाकरीचे चार तुकडे केले. तीन फटीखाली ठेवले आणि चौथा त्याच्या अंगावर टाकला. "तुझा वाटा तू खा. पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

इदूनं खाल्ला. भूक इतकी होती, की लाज वाटायला वेळ मिळाला नाही. म्हातारीनं फक्त एक कांदा चावला.

"माझ्याकडे चला," तो म्हणाला. "चार दिवस पाठ टेका, मग जा."

"तुझ्या छपराखाली? नको."

उत्तरेला जाणाऱ्या नावेपर्यंत तिनं त्याला हात धरू दिला, तोही रस्ता खाचखळग्यांचा म्हणून. धक्क्यावर नाव लागली तेव्हा इदू म्हणाला, "आजी, पुढच्या सणाला तुम्ही येईपर्यंत मी त्यांना हाक मारत जाईन. कानेफरला आणि नुबेतला. तुमचं नाव सांगा, तुमच्याकडून म्हणून सांगेन."

"माझं नाव?" म्हातारी नावेत पाय ठेवता ठेवता म्हणाली. "तेही तासायचंय का तुला?" आणि ती पाठ फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी इदूनं कोठडीच्या विटा पुन्हा काढल्या. मूर्ती फिरवून तिच्या पाठीच्या सपाट दगडावर कानेफरचं आणि नुबेतचं नाव कोरायला घेतलं. भुकेमुळे दर चार ठोक्यांमागे मोगरी खाली ठेवावी लागत होती. जे काम पूर्वी सकाळभरात झालं असतं, त्याला चार दिवस लागले. आत एकमेकींशी त्या दोघी कशा राहतील हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते त्यानं केलं. मग पुन्हा विटा रचल्या.

पंधरा दिवसांनी उत्तरेहून परतलेल्या नाववाल्याला त्यानं धक्क्यावर गाठलं. "ती म्हातारी नीट पोचली का रे? डोळ्यांत मोती असलेली?"

"कोण, ती चिंध्या बांधलेली?" नाववाला दोर गुंडाळत म्हणाला. "पहिल्याच मुक्कामाला उतरली, मला चालायचंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी उंबराच्या झाडाखाली सापडली. बसल्या बसल्याच गेली होती. गाठोड्यात कांद्याची सालं निघाली नुसती."

"पुरली कुणी?"

"पुरली आम्हीच, तिथंच वाळूत. कुणाची, कुठली, कोणाला ठाऊक? तुझी कोण होती?"

इदूच्या घरात जव संपत आले होते. होते तेवढे दळून त्यानं भाकर केली आणि काठाकाठानं उत्तरेला चालत निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उंबराचं झाड सापडलं. मुळांपाशी वाळूचा एक लहानसा उंचवटा होता, वाऱ्यानं निम्मा पसरलेला.

त्यानं भाकर उंचवट्यावर ठेवली. गुडघे टेकले आणि तिला जेवायला बोलवायला तोंड उघडलं. नाव काही त्याच्याकडे नव्हतं. उघड्या तोंडानं तो तसाच बसून राहिला. मग वारा सुटला आणि भाकरीवर वाळू उडू लागली, तेव्हा ती झाकायला त्यानं दोन्ही हात पुढे केले.